आठ गाणी आणि एक हेल

जांभळं कापड आणायचं होतं, एवढीच गोष्ट. शनिवारी सकाळी मंजुश्रीनं चहाच्या कपासोबत लेकीच्या शाळेची चिठ्ठी अविनाशच्या पुढ्यात ठेवली. येत्या शुक्रवारी स्नेहसंमेलन, पहिलीच्या वर्गाचा समूहनाच, मुलींनी वांगी व्हायचं, अंगात जांभळा झगा, डोक्यावर देठाची हिरवी टोपी, पालकांनी आपापली सोय करावी. खाली मॅडमनी पेनानं वेगळं लिहिलं होतं, की गाणं आपलंच असल्यानं पाहुणे म्हणून आपणच यावं ही आग्रहाची विनंती. आतल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर अर्पिता उभी होती. वय साडेसहा, पुढचे दोन दात पडलेले. मोबाइल खुर्चीला टेकवून तिनं गाणं लावलं होतं आणि मॅडमनी बसवलेला नाच ती घोटत होती. दोन पावलं पुढं, एक गिरकी, मग दोन्ही हातांनी छाती बडवायची, मान वर करून रडल्यासारखं करायचं आणि लगेच हसायचं. "पप्पा, बघा," ती म्हणाली, "हसायला विसरायचं नाही. वर्गात सगळ्यात जोरात मीच बडवते." आणि तिनं बडवून दाखवलं. खामगावातला दोन खोल्यांचा फ्लॅट, गॅसवर पोहे, खाली भंगारवाल्याची हाळी, आणि त्याची पोर आरशात बघून छाती बडवत हसत होती. अविनाशच्या हातातला चहा तसाच राहिला. तो "छान" म्हणाला आणि कापड आणायला म्हणून गाडीची किल्ली घेऊन उठला.

मयताच्या घरी छाती तशीच बडवतात. मॅडमनी ते कुठं पाहिलं असायचं कारण नव्हतं. गाण्यात 'कोन देईन हो' असा टाहो आहे तर रडण्याचा अभिनय हवाच, एवढा साधा हिशेब त्यांनी केला असेल. पण हात बरोबर पडत होते, आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही मिळून. कापडाच्या दुकानात त्याला तेच दिसत राहिलं. दुकानदारानं तीन तागे उलगडले आणि विचारलं, "शाळेसाठी काय? वांग्याचा डान्स? सकाळपासून तुम्ही चौथे." त्यानं अविनाशला ओळखलं नाही. चेहऱ्यानं त्याला आता कोणीच ओळखत नाही, आणि त्यात त्याला बरंच वाटतं. अडीच मीटर कापडाची पिशवी त्यानं हँडलला अडकवली, आणि घराकडं वळायचं सोडून गाडी नांदुरा रोडला लागली. आपण वडनेरला निघालो आहोत हे गावाबाहेर पडेपर्यंत त्यानं स्वतःशीही कबूल केलं नाही. वडनेर भोलजी त्याचं गाव. तिथं गीताकाकू राहायची, त्याच्या धाकट्या काकाची बायको. बाप जाऊन दीड महिना झाला होता. तेरवी उरकल्यावर तो गावाकडं फिरकला नव्हता, कारण काकूला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची त्याची छाती होत नव्हती. बाप गेला त्या दिवशी तू गप्प का बसलीस, एवढंच विचारायचं होतं. उत्तर आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटत होतं, म्हणून तर भीती.

आता हे काकूच्या गप्प बसण्याचं एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्याकडं मयताच्या घरी बाया नुसत्या रडत नाहीत. एक बाई हेल काढते. म्हणजे गेलेल्या माणसाला हाक मारून, सुरावर, त्याच्या एकेका गोष्टीचा उच्चार करत रडते, आणि बाकीच्या तिच्यामागं रडतात. तिनं सुरुवात केल्याशिवाय घराचं रडणं फुटत नाही. सगळ्यांना हे जमत नाही. वडनेरच्या त्यांच्या आळीत हे गीताकाकूचं काम होतं, आणि ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिला तिच्या नवऱ्याच्या दिवशी आलं. अविनाश तेव्हा बारा वर्षांचा होता. पंजाबराव काका सकाळी वांग्याला पाणी द्यायला म्हणून गेला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या ओल्या पेटीला शॉक लागून चिकटून राहिला. बैलगाडीतून आणला. काकूच्या कडेवर डिंपल होती, दीड वर्षांची. काकूनं पोर कोणाच्या तरी हातात दिली, काकाच्या उशाशी बसली, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून ओट्यावरच्या गड्यांनी माना खाली घातल्या. डिंपलच्या बाबा हो, वांग्याले पानी कोन देईन हो. मोटरीचं बटन कोन दाबन हो. डबा बांधून ठेवला, डबा कोन खाईन हो. देवाधर्माचं, स्वर्गाबिर्गाचं त्यात काही नव्हतं. वांगी, डबा, खुंटीवरचा दुपट्टा, अर्धी राहिलेली बिडी. पोरगा होता तरी अविनाशला कळलं की माणूस मरतो म्हणजे त्याची ही सगळी कामं मोकळी पडतात.

नांदुऱ्याच्या अलीकडं ट्रकांची रांग लागली होती. तो कडेनं गाडी काढत राहिला. त्या दिवसाचं त्यानं पुढं काय केलं हे सांगायचं तर 'सरकी'चं सांगावं लागतं. सरकी म्हणजे त्यांचा बँड. तो गिटार आणि गळा, ऋत्विक ड्रमवर, राजकुमार बेसवर. खामगावच्या कॉलेजात तिघं एका बाकावरचे. राजकुमारचा बाप जिनिंगमध्ये मुकादम, म्हणून हंगाम संपला की गोदामाचा एक कोपरा त्यांना मिळायचा. चारी बाजूंनी रुईच्या गाठी रचलेल्या, त्यामुळं आवाज बाहेर जायचा नाही आणि आत घुमायचाही नाही. ऋत्विक म्हणायचा, "अशी रूम पुण्यातल्या बापालाही भेटत नाही बे." नाकातोंडात तंतू जायचे, गाणं संपलं की तिघं खोकत बसायचे. तीन वर्षं खपून त्यांनी आठ गाणी केली. अल्बमचं नाव 'आठ टक्के ओलावा'. कापूस घेताना ओलावा आठ टक्क्यांच्या वर असला तर भाव पाडतात, त्यावरून चेष्टेत ठेवलेलं नाव. पुण्यात लोकांना त्यात फार काव्य दिसलं. गाण्यांमध्ये मात्र कापूस नव्हता, खामगाव नव्हतं. उंच इमारतींचे जिने होते, रिकाम्या खिडक्या होत्या, रस्त्यावरचे पिवळे दिवे होते, जे त्यांनी तोवर धड पाहिलेलेही नव्हते. आणि सगळीकडं 'मला, तुला'. घरी कोणी 'मला' म्हणत नव्हतं. गाणं म्हटलं की इस्त्रीचे कपडे घालायचे, हीच त्यांची समजूत. तरी ती गाणी वाईट नव्हती. सहावं आणि आठवं तर आजही अविनाशला स्वतःच्या नजरेत थोडं वर उचलतात.

पुण्याच्या स्टुडिओत चार दिवस मिळाले होते. त्यातले दोन ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी त्याचे उच्चार धुण्यात घालवले. माणूस सज्जन होता, पण काचेपलीकडून दर कडव्याला हात वर करायचा. "पाणी म्हणा, पानी नको. ण येऊ द्या." अविनाशची जीभ दुखायला लागली. चौथ्या दिवशी दुपारी आठही गाणी संपली आणि दोन तास उरले. बाकीचे दोघं चहा प्यायला गेले होते. काचेच्या त्या खोलीत तो एकटा होता. चार दिवस स्वतःचा आवाज इतका जपून वापरला होता की तो कोणा दुसऱ्याचा झाल्यासारखा वाटत होता. गळा मोकळा करावा म्हणून त्यानं डोळे मिटले आणि तोंडातून काकूची हेल निघाली. वांग्याले पानी कोन देईन हो. चेष्टा म्हणून नव्हे, हे तो आजही शपथेवर सांगेल. घर आठवलं म्हणून. ऋत्विक चहाचा ग्लास घेऊन दारात उभा राहिला, मग मुकाट ड्रमवर जाऊन बसला, राजकुमारनं वायर लावली. त्या दीड तासात तिघांनी जे वाजवलं तसं त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. खोटं कशाला बोला, तो आनंद होता. 'डिंपलच्या बाबा' काढून त्या जागी 'राजा' घातलं, डब्याची ओळ दोनदा घेतली. काचेपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "यातलं पानी तसंच राहू द्या हं, मस्त लागतंय." मग वहीत उतरवून घेताना त्यांनी विचारलं, "शब्द कोणाचे लिहू?" काकूचं नाव घ्यायचं तर काकाचं मरण सांगावं लागलं असतं, ऋत्विकचे हात अजून तालातच होते, सगळे खुशीत होते. "पारंपरिक लिहा," अविनाश म्हणाला.

ते नववं गाणं शेवटी जोडून अल्बम आला आणि त्याला कुत्रंही विचारेना. नातेवाइकांनी ऐकला, कॉलेजच्या मास्तरांनी पाठ थोपटली, संपलं. दीड वर्षानं नागपूरच्या कुठल्याशा होस्टेलमधल्या मुलीनं कुंडीतल्या वाळलेल्या तुळशीवर बाटलीनं पाणी ओतत नवव्या गाण्यावर रील केली. का केली, तिलाच ठाऊक. महिन्याभरात अख्खा महाराष्ट्र कशाकशावर पाणी ओतायला लागला. नवऱ्या मुलाच्या डोक्यावर, झोपलेल्या बापावर, म्हशीवर. मग डीजेवाल्यांनी त्याची चाल पळवून दुप्पट वेगानं लावली आणि वरातीला, हळदीला, गणपतीला ते लागलं. एका कंपनीनं गाणं मागितलं आणि तिघांनी उभ्या उभ्या सह्या केल्या, कागदाचं दुसरं पान उलटून पाहिलं नाही. दोन वर्षं कार्यक्रम झाले. आठ गाणी चालू असताना लोक पाणी प्यायला जायचे आणि नवव्याला धावत परत यायचे. पुढं पुढं आयोजकच सांगायचे, बाकीची नको, तेच चार वेळा घ्या. शेवटी ऋत्विक पुण्यातच राहिला, राजकुमार बापाच्या जागी जिनिंगला लागला, अविनाशनं फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत गिटारचा क्लास काढला. त्याची आठ गाणी आहेत हे आता त्याच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नाही. मुलाखतीत विचारायचे, हे सुचलं कसं. तो म्हणायचा, आमच्याकडं बाया म्हणतात, जुनं लोकगीत आहे. दहा वेळा सांगितल्यावर ते त्याला थोडंफार खरंही वाटायला लागलं होतं.

काकूला त्यानं कधी सांगितलं नाही. तिनं पहिल्यांदा ते ऐकलं शेजारच्या हळदीत, आणि ते त्याला डिंपलकडून कळलं. डिंपल आता उंद्रीला दिलेली. तिनं फोन करून सांगितलं, "आई पुऱ्या लाटत होती दादा. ऐकलं आन् म्हने, हे त माह्या तोंडचं हाय. मंग पुन्हा लाटत बसली." एवढंच. रागावली काय, हे विचारायचं अविनाशच्या ओठावर आलं होतं. त्यानं विचारलं नाही. काकू रागावली नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. दिवाळीला गेला की तिला साडी न्यायचा, तीही पदर डोक्यावर सारून घ्यायची, दोघं बोंडअळीचं नाहीतर डिंपलच्या सासूचं बोलायचे. ती चांगली होती, हे त्याच्या किती सोयीचं होतं ते आता कळून त्याला गाडीवर बसल्या बसल्या लाज वाटली.

आई गेली तेव्हा तो कॉलेजात होता आणि बँड नुकता जमत होता. त्या दिवशी काकूनं दोन तास हेल काढली होती. बाई हो, तुमच्या हातचं पिठलं आता कोन खाऊ घालन हो. आईच्या प्रेताकडं पाहून त्याला काही होत नव्हतं, आत सगळं आखडून गेलं होतं, आणि पिठल्याच्या त्या ओळीवर बांध फुटला. तो जमिनीवर लोळून रडला आणि उठला तेव्हा हलका होता. म्हणून बापाच्या दिवशी तो वाट पाहत होता. तुळशीराम, त्याचा बाप, आळीतला मोठा माणूस, काकूचा भासरा, म्हणजे थोरला दीर. त्याच्यासमोर तिनं वीस वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, आणि त्यानं तिच्या शेताला स्वतःच्या आधी पाणी दिलं. बायांनी काकूला धरून आणलं, उशाशी जागा केली. अंगण गप्प झालं. काकूनं तोंड उघडलं, "दादा हो," एक ओळ म्हटली आणि थांबली. पदराचा बोळा तोंडात धरला. त्याच वेळी भिंतीकडं उभ्या पोरांतलं एक फिसकन हसलं, दुसऱ्यानं हळूच 'पानी कोन देईन' अशी गुणगुण केली, आणि कोणीतरी त्याच्या डोक्यात टपली मारली. अविनाशनं सगळं पाहिलं. काकूनं पुन्हा तोंड उघडलं नाही. बाया आपापल्यापुरत्या मुसमुसल्या, कोणाचं कोणाशी जुळेना, आणि बापाला मुकाट नेलं. तिरडी उचलताना, अग्नी देताना, तेरवीला पान वाढताना अविनाश वाट पाहत राहिला. अजून तो बापासाठी रडलेला नाही. छातीत ते तसंच बसून आहे, आणि ते बसवलं आपणच, आपल्याच गाण्यानं, हे त्याला दीड महिना पक्कं माहीत आहे. गेल्या आठवड्यात त्यानं कंपनीला मेलसुद्धा केला की गाणं काढून टाकता येईल का. उत्तर फार अदबीनं आलं. नाही येत.

काकू अंगणात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. शेत तिनं ठोक्यानं, वर्षाच्या ठरल्या रकमेवर कसायला दिलंय, पण भाजी निवडायला अजून बसते. त्याला पाहून तिनं पदर नीट केला. "काऊन रे अवि, एकटाच? पोरीले नाई आनलं?"

"शाळेचं चाललंय तिचं काहीतरी," तो म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. गुडघे कसे आहेत, डिंपलचा फोन येतो का, मेथीला काय भाव चाललाय, सगळं विचारून झालं. काकूनं चहा केला, गुळाचा, त्याला आवडतो तसा. तो संपला. मग विचारायला काही उरलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "काकू, त्या गाण्याचं..."

"वांग्याच्या? हाव."

"मी तुला विचारलं नाही."

"इचारलं असतं त मी काय नाई म्हनली असती?" तिनं जुडीला काडी आवळली. "तू घरातला पोरगा. पन डिंपलनं मले वाचून दाखवलं व्हतं, तथी लिवलं हाय पारंपरिक. म्हंजे काय असते रे ते?"

त्याला दुसरा शब्द सापडेना. "म्हणजे जुनं. कोणा एकाचं नाही असं."

"कोनाचंच नाई," काकू म्हणाली. ती रागानं बोलत नव्हती, समजून घेत होती. "मंग नवरा कोनाचा मेला?"

जमिनीवर मेथीची पानं पडली होती, ती अविनाश उगाच एकत्र करत होता. आपण हिच्याकडून काय काय उचललं याचा त्याला त्या एका वाक्यात पत्ता लागला. शब्द, सूर हे तर होतंच, पण काकालाही त्यानं कोणाचाच ठेवला नव्हता. "चुकलं माझं," तो म्हणाला. हे तीन वर्षांपूर्वीही म्हणता आलं असतं, पाच वर्षांपूर्वीही. एवढा अवघड नव्हता तो शब्द. "आणि बाबांच्या वेळी ती पोरं हसली, म्हणून तू थांबलीस. तेही माझ्यामुळंच."

"कोनते पोट्टे?"

"भिंतीपाशी होते ते. तुझी ओळ ऐकून हसले."

काकूनं हातातली जुडी खाली ठेवली. "मले नाई बाप्पा ऐकू आले. आन् हासले तरी काय? मयतीत पोट्टे हासतेतच. तुह्या काकाच्या दिवशी तू बी हासला व्हता. खांदेकऱ्याची टोपी नालीत पडली तवा. मी पाह्यलं व्हतं." ती थोडं हसलीसुद्धा. मग हसणं गेलं. "पोट्ट्यायपायी नाई रे थांबली मी."

"मग?"

तिनं दाराकडं पाहिलं, मग कुंपणापलीकडं, कोणी आहे का ते. नव्या सुनेसारखा आवाज खाली आणला. "मी सुरू केली न, त ते वर गेलं."

त्याला समजलं नाही.

"आमची हेल खाली येते. देईन हो म्हनताना खाली येते, घागर विहिरीत सोडल्यावानी. तू शेवट वर नेला. वर नेला का मानसाले नाचावं वाटते. खाली आनला का रडू येते. तुह्या गान्यात वरच जाते, हाव का नाई?"

जाते. अविनाशला ती दुपार लख्ख आठवली. ऋत्विक ड्रमवरून ओरडला होता, "शेवट पडून राह्यला बे, वर घे, मग मी उचलतो." त्यानं एकदा खालचा घेऊन पाहिला, एकदा वरचा. वरचा घेतल्यावर अंगावर काटा आला होता, तिघांच्याही. दोन सेकंदांचं काम. त्यात काही मोडतंय असं कोणालाच वाटलं नव्हतं.

"दादाच्या उशाशी बसली," काकू सांगत होती, "म्हनलं, दादा हो, ओट्यावर आता कोन बसन हो. आन् शेवटाले ते वर गेलं. माह्या तोंडून. तुहं गानं निंघालं. मले असं झालं का आता कोनी नाचन अथी. म्हनून पदर कोंबला." तिनं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "मंग शेतात जाऊन पाह्यलं. तथी कोनी नसते. दहा डाव पाह्यलं. लग्नात तेच, हळदीत तेच, ट्रॅक्टरवर तेच, आठ-नऊ वर्सं झाली कानात तेच बसलं. मधल्या मयतीत कशीबशी आली, आता जुनी येतच नाई. मांगच्या महिन्यात आळीत दोन मयती झाल्या. मले बोलावनं आलं. गुडघे दुखतेत म्हनून सांगतलं, गेलीच नाई."

"काकू," तो म्हणाला.

"ऐक, तुले दाखवतो." ती भिंतीला टेकून नीट बसली आणि डोळे मिटले. भरदुपारची वेळ, अंगणात ऊन, मेथीचा वास. "दादा हो," तिनं हळू सुरुवात केली. आवाज तोच होता, जरा फाटलेला, मधे श्वास घेणारा. "ओट्यावर आता कोन बसन हो." आणि शेवटाला तो वर गेला. नुसता वर नव्हे, ऋत्विक जिथं थाप द्यायचा तिथं अर्धी मात्रा थांबून, मग वर. काकूनं डोळे उघडले, मान हलवली, पुन्हा मिटले. "दादा हो, माह्या वावराले आता..." पुन्हा वर गेलं. तिसऱ्यांदा तिनं शेवटचा शब्द हातानं खाली दाबल्यासारखा केला, तसा सूरच तुटला आणि नुसतं बोलणं उरलं.

अविनाशला वाटलं आता तरी ती चिडेल, चार शब्द सुनावेल. तो त्याचीच तर वाट पाहत आला होता. माफी मागायला आलेल्या माणसाला शिव्या मिळाल्या की सुटल्यासारखं होतं. पण काकूच्या तोंडावर राग नव्हता. एखादी वस्तू घरातच कुठंतरी आहे आणि हाताला लागत नाही, तशी ती गोंधळली होती. मग तिला काहीतरी सुचलं आणि ती त्याच्याकडं सरकली.

"तू त ऐकली व्हती न रे," ती म्हणाली. "तुह्या काकाच्या दिवशी. तुह्या माईच्या दिवशी. मी त रडून राह्यली व्हती, मले काय ध्यान. पन तू ऐकली. तुले सुराचं समजते, लोकायले शिकवतं तू. ते खाली कसं येत व्हतं, तेवढं एकडाव मले धरून दे. मंग मी करतो बराबर. दादाचं रडनं बाकी हाय माह्यावर."

त्यानं डोळे मिटले. काकाचा दिवस सगळा जागच्या जागी होता. बैलगाडीचं चाक, सदऱ्याचा जळका वास, काकाच्या पायाला लागलेला चिखल, कोणाच्या तरी कडेवर डिंपल. काकू उशाशी बसलेली, तिचे हात, आधी उजवा, मग डावा. तिचं तोंड उघडलेलं त्याला दिसत होतं. त्यातून आवाज येत नव्हता. तो थांबला, अजून आत गेला, आईच्या दिवसाकडं गेला, पिठल्याच्या ओळीपाशी उभा राहिला, आणि तिथं ऋत्विकच्या ड्रमचे चार ठोके पडले आणि त्याचाच आवाज सुरू झाला, स्वच्छ, धुतलेला, शेवटाला वर जाणारा. त्यानं तो बाजूला सारला. तो पुन्हा आला. त्याखाली दुसरं काही नव्हतं.

"मला नाही आठवत, काकू," तो म्हणाला. रडू अजूनही येत नव्हतं.

काकूनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आठव," ती म्हणाली. "घाई नाई." आणि तो म्हणेल म्हणून ती त्याच्या तोंडाकडं पाहत बसून राहिली.